मुदत 26 जानेवारीपर्यंत: कर्जत-खालापूरमधून जाहीर इशारा

हा इशारा कर्जत आणि खालापूर तालुक्यांत जागा भाड्याने देणाऱ्या प्रत्येक मालकासाठी आहे. तुमचं फार्महाऊस असेल, पोल्ट्रीची रिकामी शेड असेल, बंद पडलेल्या कारखान्याचा गाळा असेल, नाहीतर शेळ्यांसाठी म्हणून बांधलेला गोठा असेल. कागद न पाहता आगाऊ भाड्याचं पाकीट खिशात घालणाऱ्या एजंटासाठीही आहे. कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली आणि रसायनीच्या पोलीस ठाण्यांसाठी आहे. आणि सगळं ठाऊक असून तोंडावर बोट ठेवणाऱ्या आपल्या सरपंचांसाठी, सदस्यांसाठी आणि पोलीस पाटलांसाठीही आहे. मुदत येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंतची आहे. त्यानंतर काय होईल, ते शेवटी सांगितलं आहे. प्रत्येकाने ते आपल्यासाठी लिहिलं आहे असं समजूनच वाचावं.

आधी परिस्थिती काय आहे ती स्वच्छ सांगायला हवी, कारण अजूनही आपल्याकडे ‘मुंबईची पोरं शनिवार-रविवारी येऊन काहीबाही करतात’ अशा सुरातच या विषयावर बोललं जातं. ती वेळ मागे पडली. पूर्वी नशेचा माल इथे यायचा. आता तो इथे बनतो.

डिसेंबर 2023 मध्ये रायगड पोलिसांनी खोपोलीजवळ ढेकू गावच्या हद्दीतल्या एका कारखान्यावर छापा घातला. विजेचे खांब बनवणारी कंपनी, अशी त्या जागेची ओळख होती. आत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, तयार होत होतं. 85 किलोंवर माल सापडला आणि त्याची किंमत पोलिसांनी 106 कोटींच्या पुढे लावली. तपास पुढे सरकला तसं होनाडच्या हद्दीतलं एक गोदाम उघडलं, आणि तिथे त्याच्या दुप्पट माल निघाला. दोन्ही मिळून सव्वातीनशे कोटींच्या घरातला हा साठा होता. या पदार्थासाठी कायद्याने ‘व्यापारी प्रमाण’ ठरवलं आहे ते 50 ग्रॅम. पन्नास ग्रॅमच्या वर माल सापडला की किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे. आपल्या खालापूर तालुक्यात त्याच्या पाच हजार पट माल भिंतीआड पडून होता, आणि त्या भिंतीजवळून रोज शाळेची मुलं, दूधवाले, पाळीला जाणारे कामगार जात होते.

2025 मध्ये कर्जत तालुक्यातल्या किकवी गावात हेच पुन्हा घडलं. शेळीपालनाचं ठिकाण म्हणून घेतलेल्या फार्महाऊसमध्ये एमडीचा कारखाना चालत होता. तो शोधला मुंबईच्या आरसीएफ पोलीस ठाण्याच्या पथकाने. चेंबूरकडच्या पोलिसांना, हाती लागलेल्या माणसांचा धागा धरत, शहर आणि खाडी ओलांडून आमच्या तालुक्यात यावं लागलं.

ढेकूचं श्रेय रायगड पोलिसांचं आहे आणि ते त्यांना पूर्ण मिळालं पाहिजे. कारखान्याच्या धाडीवर न थांबता गोदामापर्यंत पोचणं हे तपासाचं काम असतं आणि ते त्यांनी केलं. पण किकवीचा प्रश्न उरतो. गावात कुणाकडे पाहुणा आला तर दुपारपर्यंत साऱ्या आळीला कळतं. मग शेळ्यांच्या फार्मवर रसायनांचे ड्रम येतात, रात्री गाड्या लागतात, नाकाला झोंबणारा वास सुटतो, यातलं काहीच कुणाला कळलं नाही, हे आम्ही मानायचं का? कळलं असेल आणि कुणी ठाण्याला सांगितलं नसेल, तर गाव दोषी आहे. सांगितलं असेल आणि ठाण्याने कान बंद ठेवले असतील, तर ठाणं दोषी आहे. यापैकी काय घडलं, हे तपासून जाहीर करणं जिल्हा पोलीस अधीक्षकांचं काम आहे, आणि आम्ही ते मागणार आहोत.

आता मालकांनो, तुमच्याकडे.

अंमली पदार्थांचा कायदा 1985 चा आहे. मेफेड्रोन त्याच्या यादीत फेब्रुवारी 2015 मध्ये आलं. या कायद्याचं कलम 25 प्रत्येक जागामालकाने, ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं तरी, समजून घ्यावं. घर, खोली, आवार, मोकळी जागा, जनावर किंवा वाहन, यातलं काहीही तुमच्या मालकीचं किंवा ताब्यातलं असेल, आणि तिथे तुम्ही माहीत असताना अंमली पदार्थांचा गुन्हा होऊ दिला, तर त्या गुन्ह्याची जी शिक्षा तीच तुमची. व्यापारी प्रमाणातली एमडी बनवणाऱ्याला दहा ते वीस वर्षं आणि एक ते दोन लाखांचा दंड. जागा देणाऱ्यालाही तेवढंच.

‘मला माहीत नव्हतं’ हे तुमचं ठरलेलं उत्तर आम्हाला पाठ आहे. ते उत्तर किती टिकतं ते ऐका. याच कायद्याचं कलम 35 सांगतं की आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरील आणि ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं, तेसुद्धा वाजवी शंकेपलीकडे. अर्थात मूळ घटना आधी सरकार पक्षाने सिद्ध करावी लागते. पण ती झाली की ओझं तुमच्या डोक्यावर येतं. तेव्हा न्यायाधीश विचारतील: नोंदणीकृत भाडेकरार कुठे आहे? भाडेकरूची ओळखपत्रं कुठे आहेत? पोलीस ठाण्यात माहिती दिल्याची पोच कुठे आहे? गोठ्याला एवढी वीज कशाला लागत होती? बाजारभावाच्या तिप्पट भाडं रोखीत का घेतलंत? या प्रश्नांना उत्तर नसलेला माणूस ‘माहीत नव्हतं’ म्हणतो तेव्हा त्यावर कोण विश्वास ठेवील?

शिवाय या कायद्याचं प्रकरण पाच-अ आहे. दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची, त्याच्या नातेवाइकांची आणि साथीदारांची बेकायदा कमाईतून उभी राहिलेली मालमत्ता त्याखाली जप्त होते. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळाने संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोका कायद्याच्या कक्षेत अंमली पदार्थांचे गुन्हे आणणारी दुरुस्तीही मंजूर केली. कायदा तुमच्या दारापर्यंत आलेला आहे. तो वापरायला लावण्याचं काम आता आम्ही हाती घेत आहोत.

एक गोष्ट आम्ही मुळीच सहन करणार नाही. या दोन तालुक्यांतल्या अनेक फार्महाऊसवर राखण करणारी कुटुंबं ठाकूर किंवा कातकरी वाडीतली असतात. मालक ठाणे शहरात, मुलुंडला, अंधेरीला. एजंट कर्जतला. आणि फाटकाशी, पत्र्याच्या खोलीत, महिन्याच्या तुटपुंज्या पगारावर राहणारा नवरा-बायकोचा संसार. धाड पडली की जागेवर सापडणारा माणूस तोच असतो. दार त्याने उघडलेलं असतं, ड्रम उतरवायला हात त्याने लावलेला असतो, अंगठा त्याचा असतो. त्याला वकील मिळत नाही. या कायद्याच्या कलम 37 खाली जामीन मिळणं मुळातच कठीण, कारण आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. मालक तोवर दोन वकील लावून मोकळा होतो. केअरटेकरला आत टाकून तपास संपला असं इथून पुढे कोणत्याही ठाण्याने जाहीर केलं, तर मालकाचं नाव आरोपपत्रात का नाही, हा प्रश्न लेखी विचारला जाईल आणि उत्तर येईपर्यंत विचारला जात राहील.

आता पोलीस खात्याशी बोलायचं आहे, आणि ते आडपडदा न ठेवता बोलायचं आहे.

साहेब, स्टेशनच्या बाहेर, कॉलेजच्या रस्त्यावर, पुलाखाली चिलीम ओढणारं पोर पकडणं सोपं असतं. सेवनाचं कलम 27 लावायचं, फोटो काढायचा, महिन्याच्या तक्त्यात एक आकडा वाढवायचा. पण त्या पोराच्या खिशातल्या पुडीचा माग काढत वरपर्यंत जायला माणसं, वेळ आणि हिंमत लागते. आरसीएफच्या पथकाने तेच केलं. आमच्या ठाण्यांना ते का जमू नये? मनुष्यबळ कमी आहे, बंदोबस्त फार आहे, एक्स्प्रेस वेवरचे अपघात आहेत, व्हीआयपींची ये-जा आहे, हे आम्हाला दिसतं. त्यासाठी जादा माणसं मागायला आम्ही तुमच्याबरोबर अलिबागच्या जिल्हा मुख्यालयापर्यंत यायला तयार आहोत. पण सेवन करणाऱ्यांच्या आकड्यांवर कारवाईचा देखावा उभा करणं थांबवा. आम्हाला वर्षाअखेरीला एवढंच सांगा: किती गुन्ह्यांत पुरवठादार पकडला, किती गुन्ह्यांत कारखाना किंवा गोदाम सापडलं, किती जागामालकांवर कलम 25 लागलं, आणि किती खटल्यांत शिक्षा झाली.

शिक्षेचा मुद्दा मुद्दाम काढला आहे. या कायद्यातले कितीतरी खटले कागदावर मरतात. खबर मिळाली ती कलम 42 प्रमाणे लिहून घेतली नाही आणि 72 तासांत वरिष्ठांना पाठवली नाही. अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला नाही, आणि कलम 50 मोडलं. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले नाहीत. सील तुटलं. कलिन्याच्या प्रयोगशाळेत मुद्देमाल उशिरा गेला. पंच म्हणून दरवेळी तोच चहावाला उभा केला, आणि तो साक्षीला फुटला. पुढे आरोपी छाती काढून गावात परततो आणि खबर देणारा गाव सोडतो. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईत अंमली पदार्थ नियंत्रण विभागाची कॉर्डेलिया क्रूझवरची कारवाई साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. मे 2022 मध्ये त्याच यंत्रणेने सहा जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नाही म्हणून त्यांना आरोपपत्रातून वगळलं. तपासाआधी गाजावाजा झाला की निरपराध भरडले जातात आणि जे खरे गुन्हेगार असतात त्यांना पळायला रस्ता मिळतो.

जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105 सांगतं की झडती आणि जप्तीचं चित्रीकरण झालंच पाहिजे. आमची मागणी अशी आहे की या दोन तालुक्यांत अंमली पदार्थांच्या प्रत्येक धाडीत हे चित्रीकरण पहिल्या पावलापासून व्हावं, आणि पंच म्हणून सरकारी कर्मचारी किंवा गावातली जबाबदार माणसं घ्यावीत. गावाने पंच द्यायचं कर्तव्य टाळलं तर तो दोष गावाचा. ‘कोर्टाचे खेटे नकोत’ म्हणून पंचनाम्यावर सही करायला नकार देणाऱ्याने नंतर पोलिसांना नावं ठेवू नयेत.

राहिला हप्ता. ज्या ठाण्याच्या हद्दीत पुडी मोबाइलवर मागवता येते आणि पोराटोरांना विक्रेत्याचं नाव पाठ असतं, तिथे ठाण्याला ते नाव माहीत नाही असं म्हणणारा एक तर नाकर्ता आहे, नाहीतर विकला गेलेला आहे. तिसरं काही असू शकत नाही. रायगड जिल्ह्याला याची किंमत ठाऊक आहे. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला स्फोटकं आणि शस्त्रं उतरली आणि रस्त्याने पुढे गेली, कारण काही पोलीस आणि कस्टमच्या काही अधिकाऱ्यांनी पैसे घेतले होते. 12 मार्चला मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली. पैसे घेणारे ते अधिकारी आणि शिपाई पुढे टाडा न्यायालयात दोषी ठरले. चांदीची तस्करी आहे, आपल्याला काय त्याचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं असेल. त्याच जिल्ह्यात आज कुणी शिपाई वा अधिकारी ‘पावडर तर आहे, पोरं मौजमजा करतात’ असं स्वतःला समजावत असेल, तर त्याने शेखाडी आठवावी.

2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या ससूनमध्ये काय झालं तेही आठवावं. कोठडीतला आरोपी रुग्णालयात मुक्काम ठोकून एमडीचा धंदा चालवत होता, फाटकाजवळ माल पकडला गेला, आणि दोनच दिवसांत तो पहाऱ्यातून पळाला. नाशिकजवळ शिंदे गावातला त्याच टोळीचा कारखाना मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी उघडा पाडला. पहाऱ्यावरचे पोलीस निलंबित झाले. निलंबनाने आमचं समाधान होत नाही. कलम 59 मध्ये कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि गुन्ह्याला जाणूनबुजून साथ देणाऱ्याला दहा ते वीस वर्षं. मात्र त्यासाठी सरकारची मंजुरी लागते. प्रत्येक प्रकरणात ती मंजुरी मागितली जाईल, आणि मंजुरी कुणी किती दिवस अडवून धरली त्याची तारीखवार नोंद ठेवली जाईल.

इथे थोडं थांबून आई-बापांशी बोलायला हवं, कारण या सगळ्यात सर्वात जास्त भीती त्यांच्या मनात आहे आणि सर्वात कमी माहितीही त्यांनाच आहे.

तुमचा मुलगा किंवा मुलगी एमडीच्या नादी लागली असेल तर तुम्ही ते लपवता. नातलगांत नाचक्की नको, पोलिसांचं लफडं नको. मुलगा रात्र-रात्र जागतो, दोन दिवस जेवत नाही, जबडा आवळतो, नाकातून रक्त येतं, वजन झरझर उतरतं, घरातले लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं बरळतो. तुम्ही देवऋष्याकडे जाता, कर्ज काढून त्याचं देणं फेडता, घरातलं सोनं गेलं तरी गप्प बसता. गप्प बसू नका. कायद्यात तुमच्यासाठी दार आहे. कलम 64-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाली आणि तिने तो पूर्ण केला, तर तिच्यावर खटला चालत नाही. कलम 39 प्रमाणे न्यायालयही तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. एमडीसाठी अल्प प्रमाण म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे खिशात एखादी पुडी सापडलेल्या पोराला वाचवायची सोय या कडक कायद्यानेच करून ठेवली आहे. ती त्याला सांगितली जात नाही, एवढंच. हेरॉइनच्या व्यसनावर पर्यायी औषध तरी आहे. एमडीवर तसं औषध नाही, तिथे मानसोपचार, समुपदेशन आणि घरच्यांचा धीर यांवरच भिस्त असते. म्हणून उशीर करू नका. 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

म्हणूनच पोलिसांकडे आमची मागणी आहे की सेवनाच्या गुन्ह्यात पकडलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना कलम 64-अ ची माहिती मराठीत लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. आणि आरोग्य खात्याकडे मागणी आहे की कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी व्यसनमुक्तीची बाह्यरुग्ण तपासणी व्हावी आणि तिचा वार, वेळ, डॉक्टरांचं नाव फलकावर लिहिलेलं असावं. पेण, वडखळ, कार्लेखिंड ओलांडून अलिबागला मुलाला न्यायला सांगणं म्हणजे त्याला पुन्हा पुडीवाल्याकडे पाठवणं आहे. पोर्तुगालने 2001 मध्ये स्वतःपुरता माल बाळगणाऱ्यांना कोर्टाऐवजी समुपदेशकांच्या समितीपुढे पाठवायला सुरुवात केली आणि विक्रेत्यांवरची कारवाई तशीच कडक ठेवली. आपल्याला नवा कायदाही करावा लागणार नाही. आहे तो वापरला तरी पुष्कळ होईल.

मेडिकल दुकानदारांनो, तुम्हालाही एक ओळ. कोडीनचं सिरप, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रॅमाडॉल यांची नोंद 2014 पासून एच-वन रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह ठेवायची आहे आणि ती तीन वर्षं जपायची आहे. अन्न व औषध प्रशासनाने ही रजिस्टरं तपासावीत असा अर्ज 26 जानेवारीनंतर जाईल. तुमचं रजिस्टर नीट असेल तर तुम्हाला काळजीचं कारण नाही.

आता गावाच्या स्वतःच्या जबाबदारीकडे. आमच्या वाड्या-पाड्यांत या विषयाने राग साचला आहे आणि तो योग्य आहे. पण कुणाच्या फार्महाऊसवर दगड मारणं, कुणा पोराला खांबाला बांधून मारणं, कुणाला ‘पेडलर’ म्हणून समाज माध्यमांवर बदनाम करणं, यातलं काहीही आमच्या नावाने करायचं नाही. फिलिपिन्समध्ये 2016 पासून नशेविरुद्धच्या लढाईच्या नावाखाली हजारो माणसं रस्त्यावर गोळ्या घालून मारली गेली. मेले ते बहुतेक गरीब वस्त्यांतले. तिथल्या माजी राष्ट्राध्यक्षांना मार्च 2025 मध्ये अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेण्यात आलं. आपल्याकडे असला प्रकार झाला तर पहिला मार ठाकूर वाडीतल्या कुणा पोराला बसेल आणि गाळ्याचा मालक घरात बसून बातम्या बघेल. खोटी खबर देऊन कुणाला अडकवणाऱ्यालाही कलम 58 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. बांधाच्या भांडणाचा सूड घ्यायला हा कायदा वापरायचा नाही.

खरी खबर मात्र द्यायचीच. खबर कुणी दिली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर कुणीही करू शकत नाही, असं कलम 68 म्हणतं. ठाण्यावर भरवसा नसेल तर अंमली पदार्थ नियंत्रण विभागाची 1933 ही ‘मानस’ हेल्पलाइन जुलै 2024 पासून सुरू आहे. कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 आहे. 14446, 1933 आणि 1064 हे तिन्ही क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि एसटी थांब्याच्या भिंतीवर रंगवून घ्या. सरपंचांनो, गांजाची बेकायदा लागवड माहीत झाल्यावर ती ताबडतोब न कळवणारा पंच, सरपंच किंवा गाव कर्मचारी कलम 47 प्रमाणे स्वतः शिक्षेला पात्र ठरतो. डोंगराआडच्या एखाद्या पट्ट्यात काय पिकतं आहे याकडे डोळेझाक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

येत्या 26 जानेवारीपर्यंत पुढच्या गोष्टी व्हायलाच हव्यात.

प्रत्येक फार्महाऊस, शेड आणि गाळ्याच्या मालकाने आपला भाडेकरार नोंदवावा, भाडेकरूची कागदपत्रं संबंधित ठाण्यात द्यावीत आणि पोचेची प्रत ग्रामपंचायतीत जमा करावी. जागा स्वतः आतून पाहावी, एजंटाच्या फोनवर विसंबू नये. भाडेकरू आत येऊ देत नसेल तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी कळवावं. पुढे ‘माहीत नव्हतं’ म्हणण्याची वेळ आली तर तो एकच कागद तुमच्या कामी येईल. ज्यांच्या जागेत आज या क्षणी गैरप्रकार चालू आहे त्यांना आमचं सांगणं एवढंच: माल हलवून सुटाल हा भ्रम सोडा, मुदतीच्या आत स्वतः पोलिसांकडे जा.

ग्रामपंचायतींनी नमुना 8 च्या नोंदवहीतून आपल्या हद्दीतल्या अशा सगळ्या जागांची यादी काढावी. कुठे कोण राहतं, कसला व्यवसाय सांगितला आहे, वीजजोड कसला आहे, सांडपाणी कुठे सोडलं जातं, हे सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी मिळून पाहावं आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं. शेळ्यांच्या गोठ्याला कारखान्याएवढी वीज लागत असेल तर ते महावितरणच्या वायरमनला दिसतंच. नाल्याचं पाणी रंग बदलत असेल तर ते गुराख्याला दिसतंच. एमडीच्या कारखान्याचं रासायनिक सांडपाणी अखेर उल्हास आणि पाताळगंगेतच उतरतं, आणि ते पाणी कितीतरी गावं आणि शहरं पितात. प्रदूषण नियंत्रण मंडळाने यात पोलिसांच्या बरोबरीने उतरलं पाहिजे.

पोलीस अधीक्षकांनी गेल्या तीन वर्षांतले या दोन तालुक्यांतले अंमली पदार्थांचे गुन्हे, त्यांतले जागामालक आरोपी, दाखल आरोपपत्रं आणि निकाल यांचा तक्ता जाहीर करावा. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात आरोपपत्राला 180 दिवस मिळतात. कोणत्या गुन्ह्यात ही मुदत हुकून आरोपीला जामीन मिळाला आणि त्याला जबाबदार कोण, हेही त्यात असावं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अंमली पदार्थ समन्वयाची जिल्हा समिती आहे. तिची एक बैठक कर्जत किंवा खालापूरला, लोकांच्या उपस्थितीत घ्यावी. आरोग्य खात्याने बाह्यरुग्ण तपासणीचा वार जाहीर करावा.

हे झालं, तर आम्ही पोलिसांच्या बाजूने उभे राहू. पंच होऊ, साक्षीला जाऊ, कोर्टाच्या तारखांना हजर राहू, आणि ज्या शिपायाने प्रामाणिकपणे माग काढला त्याचा सत्कार ग्रामसभेत करू.

हे झालं नाही, तर 27 जानेवारीपासून आम्ही कामाला लागू. ज्या जागांची माहिती दडवली गेली त्यांची यादी, कुणावरही सिद्ध न झालेला आरोप न करता, फक्त चौकशीच्या मागणीसह, त्या-त्या ठाण्यात लेखी दिली जाईल. ठाण्याने तक्रार नोंदवली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे ती पोलीस अधीक्षकांकडे जाईल, तिथेही दाद मिळाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. एक प्रत राज्याच्या अंमली पदार्थ विरोधी कार्यदलाला, एक राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला. प्रत्येक ग्रामपंचायतीतून माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज निघेल, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील दाखल होईल. कलम 59 खालच्या मंजुरीचे अर्ज गृह विभागात जातील. आणि एवढं होऊनही यंत्रणा हलली नाही, तर ही सगळी पोच, तारखा आणि उत्तरं जोडून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली जाईल. तिच्यात प्रतिवादी म्हणून राज्य सरकार असेलच. त्याशिवाय ज्या अधिकाऱ्यांच्या सहीने उत्तरं टाळली गेली, त्यांचीही नावं असतील.

अर्जांचे मसुदे आजपासून प्रत्येक गावाने तयार करायला घ्यावेत. कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली आणि रसायनीच्या ठाण्यांत ते 27 तारखेला सकाळी अकरा वाजता एकाच वेळी दिले जातील, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत अर्ज देणारा माणूस ठाण्याच्या बाकावरून उठणार नाही.